जखमी वर्दीची रजा : एकशे वीस दिवसांनंतर काय?

मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद. पूर्वी सहा क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा आणि आता त्रेपन्न क्रमांक मिळालेला राष्ट्रीय महामार्ग या गावाला लागून जातो. एका बाजूला मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरची सीमा, दुसऱ्या बाजूला विदर्भाचे प्रवेशद्वार असलेले मलकापूर आणि मधोमध केळीने भरलेले ट्रक, कपाशीच्या गाड्या व रात्रंदिवस धावणारी अवजड वाहतूक. महाशिवरात्रीच्या सुमारास कोथळीला आणि तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवला यात्रा भरते. आषाढीच्या आधी मुक्ताईची पालखी पंढरपूरकडे निघते. उन्हाळ्यात पारा चढला, की जिनिंगमधील कापसाच्या गंजीला किंवा शेतातील कडब्याला आग लागल्याची वर्दी येते. या प्रत्येक प्रसंगी रस्त्यावर दोनच गणवेश दिसतात. एक पोलिसाचा आणि दुसरा बंबावरच्या जवानाचा.

बंदोबस्तात डोक्यात दगड बसतो, रात्रीच्या नाकाबंदीत भरधाव वाहन पायावरून जाते, जळत्या गोदामाचे छप्पर अंगावर कोसळते. पहिल्या दोन-तीन दिवसांत रुग्णालयात अधिकाऱ्यांची व पुढाऱ्यांची रीघ लागते. वर्तमानपत्रात छायाचित्र येते. त्यानंतर जखमी माणूस घरी येतो आणि त्याच्या नावाची एक फाईल कार्यालयात फिरू लागते. या फाईलवर एकच प्रश्न असतो : हा कर्मचारी किती दिवस घरी राहणार आणि त्या दिवसांचा पगार कोणत्या नियमाखाली काढायचा?

कर्तव्यावर प्राण गमावणाऱ्यांचे स्मरण करण्याची रीत देशाने केव्हाच ठरवली आहे. लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे १९५९ साली केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टायकिन' या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. तो दिवस अग्निशमन सेवा दिन झाला. मृतांसाठी तारीख आहे, मानवंदना आहे, वारसांसाठी मदत आहे. जो मेला नाही, पण पूर्वीसारखा उभाही राहू शकत नाही, त्याच्यासाठी असा कोणताही दिवस नाही. त्याच्यासाठी आहे ती रजा. म्हणूनच या रजेचे नियम नेमके काय देतात आणि कोठे अपुरे पडतात, हे समजून घेणे आवश्यक आहे.

नियम काय सांगतो?

राज्याच्या पोलिसांना, अन्य शासकीय कर्मचाऱ्यांप्रमाणेच, महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. त्यातील नियम ७५ आणि ७६ हे विशेष विकलांगता रजेविषयी आहेत. कर्मचारी आपले कर्तव्य बजावत असताना, किंवा त्या कर्तव्याचा परिणाम म्हणून, कोणी त्याला हेतुपुरस्सर इजा केली व तो कामास असमर्थ झाला, तर नियम ७५ लागू होतो. इजा कोणी जाणूनबुजून केलेली नसून अपघाताने झाली असेल, तर नियम ७६ कडे जावे लागते. त्यापुढच्या नियम ७७ मध्ये रुग्णालयीन रजेची तरतूद आहे. ती धोक्याचे काम करणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांसाठी आहे.

विशेष विकलांगता रजेची काही वैशिष्ट्ये निश्चितच उदार आहेत. ही रजा कर्मचाऱ्याच्या रजा खात्यातून वजा होत नाही. तिला दुसऱ्या कोणत्याही प्रकारची रजा जोडता येते. निवृत्तिवेतनासाठी हा काळ कर्तव्यकाळ म्हणून धरला जातो. एकदा रजा घेऊन कामावर परतल्यावर तीच जखम पुन्हा उफाळली, तर ही रजा पुन्हा घेता येते. मात्र एका असमर्थतेबद्दल सर्व मिळून चोवीस महिन्यांहून अधिक रजा मिळत नाही.

खरी मेख वेतनात आहे. या चोवीस महिन्यांपैकी पहिले १२० दिवस अर्जित रजेइतके, म्हणजे पूर्ण वेतन मिळते. उरलेल्या काळात अर्धवेतनी रजेइतके वेतन मिळते. म्हणजे पाचव्या महिन्यापासून घरात येणारा पगार निम्मा होतो. पूर्ण पगार चालू ठेवायचा असेल, तर कर्मचाऱ्याला आपल्या खात्यावर साठवलेली रजा मोडावी लागते. शासकीय कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित रजा व २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते. नुकत्याच भरती झालेल्या तरुण शिपायाच्या खात्यावर ती जमा झालेलीच नसते. बंदोबस्तात पुढच्या रांगेत उभा राहतो तो बहुधा हाच तरुण शिपाई. ज्याला धोका अधिक, त्याच्या गाठीशी रजा कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

साठ हजारांचे तीस हजार

समजा, एखाद्या हवालदाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा साठ हजार रुपये होतात. पाय मोडल्यामुळे तो बारा महिने कामावर येऊ शकला नाही. पहिल्या चार महिन्यांत त्याला दोन लाख चाळीस हजार रुपये मिळतील. पुढच्या आठ महिन्यांत दरमहा तीस हजारांप्रमाणे पुन्हा दोन लाख चाळीस हजार. वर्षाला सात लाख वीस हजारांची सवय असलेल्या घरात त्या वर्षी ढोबळमानाने चार लाख ऐंशी हजार रुपये येतील.

खर्च मात्र याच वर्षी वाढलेला असतो. महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेतून रुग्णालयाच्या देयकाचा मोठा भार हलका होऊ शकतो. परंतु रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा खर्च कोणत्याही एका देयकात बसत नाही. मुक्ताईनगर तालुक्यातील रुग्णाला अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचे, तर जाण्यातच साठेक किलोमीटर होतात. प्लास्टर घातलेला माणूस एसटीत बसू शकत नाही, म्हणून गाडी करावी लागते. सोबतीला जाणाऱ्या नातेवाइकाची मजुरी किंवा शेतातील दिवस बुडतो. व्यायामोपचारासाठी आठवड्यातून दोन-तीनदा जावे लागते. पतसंस्थेचा हप्ता, घरकर्जाचा हप्ता आणि मुलांचे शुल्क यांना अर्धवेतनी रजा ठाऊक नसते.

जखमेचे वेळापत्रक

१२० दिवस म्हणजे चार महिन्यांपेक्षाही किंचित कमी. साध्या अस्थिभंगाला हा अवधी पुरू शकतो. परंतु गंभीर जखमा या मापात बसत नाहीत. मांडीचे हाड सांधायला साधारणपणे तीन ते सहा महिने लागतात. नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले असेल व जखमेत जंतुसंसर्ग झाला असेल, तर सहा महिन्यांहून अधिक काळ जातो आणि कित्येकदा दुसरी, तिसरी शस्त्रक्रिया करावी लागते. खोल भाजलेल्या रुग्णाची कातडी बदलावी लागते. त्यानंतर व्रण आकसू नये म्हणून दाबपट्ट्यांचे कपडे महिनोन् महिने घालावे लागतात. व्रण स्थिरावण्यास वर्ष ते दीड वर्ष लागू शकते. मेंदूला मार लागलेल्या रुग्णाची सुधारणा दोन वर्षांपर्यंत हळूहळू चालू राहते. मणक्याच्या दुखापतीविषयी तर आरंभी डॉक्टरही तारीख सांगत नाहीत.

याखेरीज एक जखम अशी असते, की ती क्ष-किरणांत दिसत नाही. जमावाच्या तावडीतून वाचलेला किंवा सहकाऱ्याला डोळ्यांदेखत जळताना पाहिलेला माणूस शरीराने बरा होऊनही झोपू शकत नाही, गर्दीत जाऊ शकत नाही. रजेच्या नियमानुसार असमर्थता घटनेपासून तीन महिन्यांच्या आत प्रकट व्हावी लागते आणि ती तत्परतेने कळवावी लागते. उशिरा प्रकट झालेली असमर्थताही, कारणाविषयी खात्री पटल्यास, सक्षम प्राधिकारी ग्राह्य धरू शकतो. परंतु अशी खात्री पटवून देण्याचा भार अखेर जखमी माणसावरच येतो. मानसिक आघाताची लक्षणे कित्येकदा काही महिन्यांनी उमटतात आणि वर्दीतला माणूस ती सांगायला लाजतो. त्यामुळे हा आजार बहुधा साध्या वैद्यकीय रजेवर निभावून नेला जातो.

येथे फौजदारी कायद्याशी तुलना उद्बोधक ठरते. भारतीय दंड संहितेत वीस दिवस नित्याचे व्यवहार करता न येणे ही 'गंभीर दुखापत' मानली जात असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही मर्यादा पंधरा दिवसांवर आली. हाड मोडणे, दृष्टी किंवा श्रवण कायमचे जाणे, अवयव निकामी होणे यांचीही त्यात स्वतंत्र गणना आहे. हल्लेखोराला शिक्षा देताना कायदा जखमेची प्रतवारी करतो. ज्याला ती जखम झाली, त्याच्या पूर्ण वेतनाची मर्यादा ठरवताना मात्र अशी प्रतवारी नाही. मनगट मोडलेल्याला आणि पाठीचा कणा मोडलेल्याला पूर्ण पगाराची मर्यादा एकच, १२० दिवसांची.

हल्ला की अपघात?

खानदेशात अशा जखमांचे प्रसंग दुर्मिळ नाहीत. जून २०२४ मध्ये जामनेर येथे एका बालिकेच्या हत्येच्या प्रकरणातील संशयिताला आपल्या ताब्यात द्यावे, अशी मागणी करीत जमावाने पोलीस ठाण्यावर दगडफेक केली. त्यात पोलीस जखमी झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सातपुड्याच्या कुशीतील उमर्टी परिसरात गावठी पिस्तुलांविरुद्ध कारवाईस गेलेल्या चोपडा ग्रामीण पोलिसांच्या पथकावर हल्ला झाला आणि एका अधिकाऱ्याला मध्य प्रदेशच्या हद्दीत पळवून नेण्यात आले. धुळ्यातील जानेवारी २०१३ ची दंगल तर अजून विस्मरणात गेलेली नाही. तेव्हाही दगडफेकीत अनेक पोलीस जखमी झाले होते.

या प्रसंगांत इजा हेतुपुरस्सर झाली, हे उघड आहे. महामार्गावरच्या घटना मात्र तितक्या स्पष्ट नसतात. थांबण्याचा इशारा देणाऱ्या पोलिसाच्या अंगावर चालकाने वाहन मुद्दाम घातले, की अंधारात ताबा सुटला? जळत्या जिनिंगची भिंत पडली हा अपघातच; पण धुराने झालेला फुप्फुसाचा आजार त्याच कर्तव्यामुळे झाला, हे कोण सांगणार? आजारामुळे असमर्थता आली असेल, तर ती त्या विशिष्ट कर्तव्यामुळेच थेट उद्भवली, असे वैद्यकीय प्रमाणपत्र नियम ७६ खाली लागते. वर्षानुवर्षे धूर छातीत घेतलेल्या माणसाला एका विशिष्ट आगीकडे बोट दाखवणे अवघड जाते.

म्हणूनच पहिल्या काही तासांतील कागदपत्रांना अतोनात महत्त्व आहे. घटनेची नोंद स्टेशन डायरीत किंवा अग्निशमन केंद्राच्या नोंदवहीत वेळेसह झाली पाहिजे. नोंदीत कर्मचारी त्या वेळी कोणत्या आदेशाने, कोणत्या कामावर होता, हे स्पष्ट असावे. शासकीय रुग्णालयातील जखमेच्या दाखल्यात प्रत्येक जखम लिहिलेली असावी. किरकोळ वाटणारा डोक्याचा मार पुढे महत्त्वाचा ठरू शकतो. गुन्हा दाखल झाला असेल तर त्याची प्रत, उपचारांचे कागद आणि अधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र रजेच्या अर्जासोबत जोडावे लागते. रजा वाढवताना दरवेळी नवे प्रमाणपत्र लागते. जखमी माणूस बेशुद्ध असताना हे सारे त्याने करावे, अशी अपेक्षा धरता येत नाही. प्रत्यक्षात मात्र ते त्याच्या पत्नीला किंवा भावाला करावे लागते. पुष्कळ कर्मचारी विशेष विकलांगता रजेचा अर्जच करीत नाहीत आणि साठवलेली अर्जित रजा संपवून टाकतात. त्याचे एक कारण हा नियम अस्तित्वात आहे, हेच अनेकांना ठाऊक नसते.

बंबावरचा जवान कोणाचा?

पोलिसाचा मालक एक आहे, राज्य शासन. अग्निशामक जवानाची स्थिती निराळी आहे. महाराष्ट्रात अग्निशमन ही प्रामुख्याने स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. मुंबईसारख्या महापालिकेचे स्वतःचे सेवानियम आहेत. नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी राज्यस्तरीय अग्निशमन सेवा संवर्ग आहे. परंतु लहान गावांत बंबाचा चालक व मदतनीस कित्येकदा कंत्राटी किंवा रोजंदारीवरचा असतो. मुक्ताईनगरसारख्या नगरपंचायतीच्या परिसरात मोठी आग लागली, तर शेजारच्या पालिकांचे व औद्योगिक प्रकल्पांचे बंब मदतीला धावतात. एकाच ज्वाळेसमोर तीन-चार मालकांचे कर्मचारी उभे राहतात आणि जखमी झाल्यावर प्रत्येकाला वेगवेगळा नियम लागतो.

कंत्राटी जवानाला विशेष विकलांगता रजा नाही. त्याच्यासाठी वाटा दोन. पहिली भरपाईची. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तात्पुरत्या असमर्थतेसाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याकाठी निम्मी रक्कम देण्याचे जुने सूत्र संहितेतही कायम आहे. दुसरी वाट राज्य कामगार विम्याची. ठेकेदाराने त्याची नोंदणी करून वर्गणी भरली असेल, तर कामावर झालेल्या इजेबद्दल वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम, असमर्थता टिकेल तोवर मिळू शकते.

यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. विमा असलेला कंत्राटी मदतनीस पाचव्या महिन्यातही ९० टक्के वेतनाचा हक्कदार असतो आणि त्याच आगीत होरपळलेला, नियम ७६ च्या कक्षेतील कायम कर्मचारी निम्म्या पगारावर आलेला असतो. अर्थात कंत्राटी माणसाचे वेतनच तुटपुंजे आणि नोंदणी झालेली असेलच याची खात्री नाही. तरीही एक तत्त्व त्यातून दिसते. विमा योजनेतील मदत रुग्णाच्या असमर्थतेशी बांधलेली आहे, दिनदर्शिकेशी नव्हे.

सर्वांत शेवटी उभा असतो गृहरक्षक. यात्रेच्या बंदोबस्तात पोलिसाच्या खांद्याला खांदा लावून तो उभा राहतो. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा कर्तव्यभत्ता दिवसाला ५७० रुपयांवरून १०८३ रुपये झाला. हा भत्ता काम केलेल्या दिवसाचा. त्याला मासिक वेतन नाही, म्हणून सवेतन रजेचा प्रश्नच उद्भवत नाही. दगड मात्र वर्दीवरची पट्टी पाहून येत नाही.

केंद्राने काय बदलले?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीही पूर्वी हीच १२० दिवसांची चौकट होती. न्यायमूर्ती अशोककुमार माथुर यांच्या अध्यक्षतेखालील सातव्या वेतन आयोगाने नोव्हेंबर २०१५ मध्ये सादर केलेल्या अहवालात ही जुनी रजा आणि रुग्णालयीन रजा एकत्र करून कामाशी निगडित आजार व इजा यांसाठी एकच रजा सुचवली. १ जुलै २०१७ पासून ती लागू झाली. तिचे तत्त्व साधे आहे. रुग्णालयात दाखल असेपर्यंतच्या संपूर्ण काळात पूर्ण वेतन व भत्ते. रुग्णालयातून सुटल्यानंतर सहा महिने पूर्ण वेतन व भत्ते. त्यापुढे बारा महिने अर्धे वेतन. केंद्रीय सशस्त्र दलांतील अधिकारी-दर्जाखालील जवानांना तर कालमर्यादाच नाही. ते बरे होईतो पूर्ण वेतन व भत्ते.

वरच्या उदाहरणातील हवालदाराचाच हिशेब पुन्हा मांडला, तर फरक ध्यानात येतो. तो दोन महिने रुग्णालयात आणि दहा महिने घरी होता, असे धरू. राज्याच्या चौकटीत त्याला सुमारे चार लाख ऐंशी हजार मिळाले. केंद्राच्या मुलकी कर्मचाऱ्याला आठ महिने पूर्ण व चार महिने अर्धे, म्हणजे ढोबळमानाने सहा लाख मिळाले असते. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानाला पूर्ण सात लाख वीस हजार. निवडणुकीच्या बंदोबस्तात एकाच मतदान केंद्राबाहेर उभ्या असलेल्या दोन गणवेशधारकांना एकाच दगडफेकीत सारखीच इजा झाली, तर वर्षअखेरीस त्यांच्या घरांतील फरक असा असेल.

परदेशांतही या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कर्तव्यावर जखमी झालेल्या पोलिसांना व अग्निशामकांना एक वर्षापर्यंत पूर्ण वेतन मिळते. इलिनॉय राज्यातही मुदत मूलतः एक वर्षाची आहे. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात असमर्थता संपेपर्यंत पूर्ण वेतन देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे. इंग्लंडमधील पोलिसांना आजारपणात सर्वसाधारणपणे सहा महिने पूर्ण व पुढे सहा महिने अर्धे वेतन मिळते आणि ही मुदत वाढवण्याचा अधिकार पोलीस प्रमुखाकडे आहे. म्हणजे कोठे मुदत वर्षाची, कोठे जखमेइतकी, तर कोठे अधिकाऱ्याच्या विवेकावर.

आक्षेप आणि उत्तरे

पूर्ण पगाराची रजा लांबवण्याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. पहिला गैरवापराचा. घरबसल्या पूर्ण पगार मिळू लागला तर बरे होण्याची घाई कोणाला राहील? हा आक्षेप निराधार नाही. परंतु त्याचे उत्तर निम्मा पगार हे नव्हे. ठरावीक महिन्यांनी वैद्यकीय मंडळाकडून तपासणी, हे त्याचे उत्तर आहे. निम्मा पगार खोट्या रुग्णाला शिक्षा करतो, तशीच खऱ्या रुग्णालाही करतो.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. आधीच ठाण्यात माणसे कमी, त्यात एक जण वर्षभर रजेवर. येथे वास्तव असे आहे, की निम्म्या पगाराच्या धास्तीने अर्धवट बरा झालेला माणूस कामावर येतो, तेव्हाही ठाण्याला पूर्ण माणूस मिळत नाही. लंगडत येणाऱ्या शिपायाला पुन्हा बंदोबस्तात उभे केले, तर जुनी जखम उघडते. न सांधलेल्या हाडावर भार पडला तर दुसरी शस्त्रक्रिया अटळ होते. मग रजेचे दिवस वाचत नाहीत, दुप्पट होतात.

तिसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक जखमी कर्मचाऱ्यामागे काही लाखांचा फरक पडेल, हे खरेच. तथापि गंभीर जखमींची संख्या एकूण दलाच्या मानाने अल्प असते. शिवाय प्रशिक्षित माणूस कायमचा गमावण्याची किंमत त्याहून अधिक असते. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कामा रुग्णालयात हातबाँबच्या स्फोटाने जखमी झालेले सदानंद दाते बरे होऊन सेवेत परतले आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेचे प्रमुख झाले. जखमी अधिकारी म्हणजे संपलेला अधिकारी नव्हे, याचे हे ठळक उदाहरण आहे. याउलट ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाने आपले चार वरिष्ठ अधिकारी गमावले. दोघे घटनास्थळीच गेले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर व सुधीर अमीन यांनी रुग्णालयात भाजलेल्या अवस्थेत मृत्यूशी झुंज दिली. ते वाचले असते, तर त्यांच्यापुढे महिन्यांचे नव्हे, वर्षांचे उपचार असते.

परतता आलेच नाही तर?

काही जखमा बऱ्या होत नाहीत. पाय कापावा लागतो, दृष्टी जाते. अशा वेळी 'रुग्णता निवृत्तिवेतन' घेऊन बाहेर पडा, असा सल्ला कार्यालयातून मिळण्याची शक्यता असते. येथे कायदा कर्मचाऱ्याच्या बाजूने ठाम उभा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही अथवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. तो मूळ पदास अयोग्य ठरला, तर त्याच वेतनश्रेणीच्या अन्य पदावर त्याला नेमावे लागते. तसे पद नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. शासनाला काही आस्थापनांना यातून सूट देता येते, हे खरे. म्हणून आपल्या दलासाठी अशी सूट आहे काय, हे पाहून घ्यावे. १९९५ च्या आधीच्या कायद्यातही कलम ४७ मध्ये असेच संरक्षण होते. कर्तव्यावर जखमी होऊन डावा पाय गमावलेल्या केंद्रीय दलातील एका शिपायाला निवृत्त करण्यात आले होते. 'कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये त्याला या संरक्षणाचा लाभ दिला. निवृत्तिवेतन मिळते, एवढ्या कारणाने हा हक्क जात नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

परंतु रजा आणि हे संरक्षण यांच्यामध्ये एक धूसर पट्टा उरतो. रजा संपली आहे, जखम पूर्ण भरलेली नाही आणि अपंगत्व कायमचे आहे की नाही, हे मंडळाने अजून ठरवलेले नाही. या पट्ट्यात अडकलेला कर्मचारी बिनपगारी होण्याची भीती सर्वाधिक असते. रजेचा शेवट आणि वैद्यकीय मंडळाचा निर्णय यांची सांगड नियमातच घातली, तर ही भीती राहणार नाही.

गरज कशाची?

त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. १९८१ च्या नियमांत दुरुस्ती पुरेशी आहे. रुग्णालयातील काळ १२० दिवसांत मोजू नये. गंभीर दुखापतीची व्याख्या फौजदारी कायद्यात तयारच आहे, ती आधाराला घेऊन अशा जखमींना वैद्यकीय मंडळाच्या तपासणीच्या अधीन राहून बरे होईतो पूर्ण वेतन द्यावे. रजेचा प्रस्ताव जखमी माणसाने नव्हे, त्याच्या कार्यालयाने तयार करावा. आगीपुढे पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक कंत्राटी जवानाची विमा नोंदणी झाल्याखेरीज ठेकेदाराचे देयक निघू नये. गृहरक्षकाला जखमेच्या काळात कर्तव्यभत्ता चालू राहावा. केंद्राने आपल्या दलांसाठी जे २०१७ मध्येच मान्य केले, ते राज्याच्या पोलिसाला व पालिकेच्या जवानाला अशक्य मानण्याचे कारण नाही.

पुढच्या महाशिवरात्रीला कोथळी-चांगदेवच्या वाटेवर पुन्हा गर्दी होईल. उन्हाळ्यात कापसाच्या गंजीवर पुन्हा ठिणगी पडेल. शिट्टी वाजवत गर्दीत शिरणारा शिपाई आणि नळी घेऊन धुरात शिरणारा जवान त्या क्षणी नियम ७५ किंवा ७६ चा विचार करीत नाहीत. त्यांनी तो करू नये, अशीच समाजाची अपेक्षा असते. मग तो विचार त्यांच्या वतीने आधीच करून ठेवणे, हे शासनाचे काम ठरते.